पिवळ्या वेष्टनांतील विनोद

चित्रें मुलांसाठीं, अद्भुत गोष्टी मुलांसाठीं, आणि विनोद हा रिकामपणचा उद्योग, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गांत खोल रुजलेली आढळते. चित्रांचें पुस्तक ही वाचनाची पहिली पायरी. वर चढलेल्या माणसानें ती मागें सोडावयाची, असें सर्वसाधारणपणें मानलें जातें. जपानांत 'मांगा' या नांवानें ओळखलें जाणारें चित्रकथावाङ्मय या समजुतींत बसत नाहीं. तेथें नोकरीधंद्यांत मुरलेल्या प्रौढ वाचकांसाठीं चित्रकथांचीं स्वतंत्र नियतकालिकें निघतात, आणि राक्षस, भुतेंखेतें, जादूगार यांच्या विनोदी कथा त्यांतून वर्षानुवर्षें चालतात. बाहेरच्या जगाला याचें नवल वाटतें व त्याचें कारण तो आधुनिक जीवनाच्या थकव्यांत शोधतो. आमच्या मतें तें कारण अपुरें आहे. प्रौढ माणसाला चित्रांतील अशक्य गोष्ट कां आवडते, आणि ती त्याला आवडल्यानें राज्यकर्त्यांना भय कां वाटतें, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें अठराव्या शतकाच्या अखेरीस एडो शहरांत झालेल्या एका तीस वर्षांच्या प्रयोगांत सांपडतात. त्या प्रयोगाचा वृत्तांत येथें थोडक्यांत द्यावयाचा आहे.

एडो हें आजच्या टोकियोचें १८६८ पर्यंतचें नांव. इ. स. १६०३ मध्यें तोकुगावा घराण्यानें शोगुन हें सेनापतिपद मिळविलें व एडोहून देशाचा कारभार सुरू केला. सम्राट् क्योतो येथें नामधारी राहिला. सरदारांनीं आळीपाळीनें एडोंत येऊन राहिलेंच पाहिजे असा दंडक असल्यामुळें शहरांत सामुराईंची गर्दी असे, आणि त्यांच्या गरजा भागविणाऱ्या व्यापाऱ्यांची व कारागिरांचीहि. अठराव्या शतकांत एडोची वस्ती दहा लाखांच्या घरांत गेली. लढाया बंद पडून शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. सामुराईच्या कमरेला दोन तलवारी असत, पण दिवस जाई तो कचेरींतील कागदपत्रांत. व्यापाऱ्याची तिजोरी भरलेली असे, पण समाजाच्या उतरंडींत त्याचें स्थान सर्वांत खालीं. एकाजवळ मान होता पण पैसा नव्हता. दुसऱ्याजवळ पैसा होता पण मान नव्हता. हे दोन्ही वर्ग कचेरींत एकमेकांपासून दूर राहत. परंतु नाटकगृहांत, विनोदी कवितांच्या मंडळांत आणि योशिवारा या गणिकांच्या वस्तींत त्यांची गांठ पडे. आपल्याकडे ज्या वेळीं पुण्यांत बारभाईंचा कारभार चालला होता, त्याच सुमारास या गांठीभेटींतून एक नवें वाङ्मय जन्मास आलें.

त्याचा सांगाडा मात्र जुना होता. मुलांसाठीं तांबड्या वेष्टनाचीं छोटीं पुस्तकें एडोंत पूर्वींपासून निघत. पांच पानांचा, म्हणजे दहा पृष्ठांचा, एक भाग. प्रत्येक पृष्ठावर चित्र, आणि चित्रांतील रिकाम्या जागेंत सोप्या कानालिपींतील मजकूर. चित्र व मजकूर दोन्ही एकाच लांकडी ठशावर कोरीत. पुढें काळ्या व हिरवट-निळ्या वेष्टनाचीं पुस्तकें निघूं लागलीं. त्यांत वीरकथा व नाटकांचे सारांश येऊं लागले. हिरवट रंग लवकर विटून पिवळा पडे, आणि त्यावरूनच पुढें या प्रकाराला किब्योशी, म्हणजे 'पिवळें वेष्टन', हें नांव मिळालें. या पुस्तकांचें बाह्यरूप शेवटपर्यंत बालबोध राहिलें. अंतरंग मात्र इ. स. १७७५ सालीं एकाएकीं बदललें.

त्या सालीं उरोकोगाताया या प्रकाशकानें 'किंकिन सेन्सेइ एइगा नो युमे', म्हणजे 'किंकिन महाशयांचें वैभवाचें स्वप्न', हें पुस्तक काढलें. लेखक व चित्रकार एकच, कोइकावा हारुमाची. हा एका लहानशा संस्थानांतील सामुराई अधिकारी. कथा साधी आहे. किंबेइ नांवाचा गरीब खेडवळ तरुण नशीब काढण्यासाठीं एडोस निघतो. वाटेंत मेगुरो येथील देवळाजवळ राळ्याच्या वड्यांच्या दुकानीं तो थांबतो, आणि वड्या तयार होईपर्यंत त्याचा डोळा लागतो. स्वप्नांत एका धनाढ्य व्यापाऱ्याचे नोकर पालखी घेऊन येतात व त्याला दत्तक नेतात. तो लक्षाधीश होतो, शहरांतील सर्व रंगेल स्थळें पालथीं घालतो, खुशामत्यांच्या हातीं लुबाडला जातो, आणि शेवटीं दत्तक बापाच्या घरांतून अंगावरच्या जुन्या कपड्यानिशीं हांकलला जातो. इतक्यांत कुटण्याच्या आवाजानें त्याला जाग येते. वड्या अजून झालेल्याच नसतात. आयुष्यांतील सारी चैन राळ्याच्या वड्या होण्याइतका वेळहि टिकत नाहीं असें म्हणून तो गांवीं परततो.

ही कथा हारुमाचीनें शोधून काढलेली नाहीं. चीनच्या तांग राजवटींत लिहिली गेलेली हान्तान गांवच्या उशीची गोष्ट, आणि तिच्यावरून रचलेलें जपानी नो नाटक, हीं दोन्ही त्या काळच्या सुशिक्षितांना ठाऊक होतीं. आपल्या योगवासिष्ठांतील लवण राजाची कथाहि याच जातीची आहे: ऐंद्रजालिकानें मोरपिसांचा कुंचा फिरवितांच राजा क्षणार्धांत अनेक वर्षांचें चांडाळजीवन भोगून पुन्हां सिंहासनावर जागा होतो. या सर्व जुन्या कथांचा रोख वैराग्याकडे आहे. हारुमाचीनें वैराग्य शेवटच्या पृष्ठापुरतें ठेवलें आणि सगळें लक्ष स्वप्नावर केंद्रित केलें. त्याचा नायक केंस कसे राखतो? उंदराच्या शेपटीएवढी बारीक शेंडी, कारण त्या वर्षीं एडोच्या छानछोकी तरुणांत तीच चाल होती. तो कोणतें रेशीम नेसतो, हेंहि नेमकें सांगितलें आहे. फुकागावा भागांतील बायका त्याच्यासमोर त्याच्याचविषयीं बोलतात त्या शब्दांच्या मधून मधून भलतीं अक्षरें घुसडून. आपल्याकडे मुलें 'च'ची भाषा बोलतात, अगदीं तशी. नायकाला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. वाचकाला अक्षरें गाळून सर्व कळतें. 'किंकिन' हा शब्ददेखील त्या दिवसांतील ऐटबाज माणसाला लावीत.

येथें प्रौढ वाचकाच्या आवडीचें पहिलें मर्म हातीं लागतें. लहान मूल अद्भुत कथा वाचतें तेव्हां अशक्य गोष्ट शक्य आहे असें तें घटकाभर मानतें व त्यांत रमतें. प्रौढ माणसाला ती अशक्य आहे हें पुरतें ठाऊक असतें. त्याला आनंद होतो तो त्या अशक्य गोष्टींत आपल्या रोजच्या जगांतील तपशील इतके चपखल बसलेले पाहून. स्वप्न खोटें, पण स्वप्नांतील शेंडी खरी. चीनमधील आठव्या शतकाचें तत्त्वज्ञान मेगुरोच्या फराळाच्या दुकानांत आणून बसविलें कीं दोन्ही गोष्टींकडे आपण नव्या दृष्टीनें पाहूं लागतों, आणि हसूं येतें. या हास्याला मूळ कथेची माहिती लागते, चालू रीतींची माहिती लागते, आणि माणसें कशीं फसतात याचा स्वानुभवहि लागतो. हें तिन्ही मुलापाशीं नसतें. म्हणूनच मुलांच्या वेष्टनांतील हें पुस्तक मुलांचें नव्हतें.

या लेखकांनीं आपल्या कलेला 'उगाची' असें नांव दिलें होतें. मराठी वाचकाला 'उगाच'ची आठवण व्हावी असा हा शब्द. परंतु त्याचा अर्थ जवळजवळ उलट आहे. उगाची म्हणजे भोंक पाडणें, पृष्ठभाग भेदून आंतलें दाखविणें. चित्र व शब्द एकाच पृष्ठावर असल्यानें हें भेदन दोन्ही अंगांनीं होई. मजकूर एक सांगे, आणि चित्रांतील पाटी, पंख्यावरील ओळ किंवा अंगरख्यावरील कुलचिन्ह दुसरेंच कांहीं सुचवी. तीस पृष्ठांचें पुस्तक चाळावयास फार वेळ लागत नसे. तें पुरतें समजावयास मात्र मित्रमंडळींत बसून एकमेकांना खुणा दाखवाव्या लागत.

हारुमाचीनें दाखविलेल्या वाटेनें अनेकजण गेले. त्यांत सर्वांत गुणी सांतो क्योदेन. हा १७६१ सालीं फुकागावांतील एका सावकारी दुकानदाराच्या घरीं जन्मला, आणि चित्रकार म्हणूनहि नांवाजला. १७८२ सालच्या त्याच्या एका पुस्तकांत पुस्तकेंच पात्रें झालीं आहेत: मागें पडलेलीं तांबडीं व काळीं पुस्तकें नव्या आवडत्या पुस्तकांचा मत्सर करतात आणि कारस्थान रचतात. १७८५ सालच्या पुस्तकांत एंजिरो नांवाचा श्रीमंताचा एकुलता एक मुलगा आहे. त्याचें नाक चपटें, रूप बेताचें. पण आपली कीर्ति मोठा प्रेमवीर म्हणून व्हावी अशी त्याला हौस. तो काल्पनिक प्रेयसींचीं नांवें दंडावर गोंदवून घेतो. एका नर्तकीला पैसे देऊन आपल्या घरीं धांवत यावयास लावतो, आणि ती वार्ता छापून गल्लोगल्लीं वांटवितो. तरी कोणी दाद देत नाहीं. शेवटीं नाटकांतल्यासारखा खोटा प्रेमात्मघात करावयास निघतो, तोंच वाटमारे गांठतात आणि अंगावरचे कपडेहि काढून घेतात. वाटमारे म्हणजे वेष पालटलेले त्याचाच बाप व घरचा कारभारी. प्रसिद्धि विकत घेणारा हा मनुष्य दोनशें चाळीस वर्षांपूर्वींचा आहे याची वाचकाला मुद्दाम आठवण करून द्यावी लागते.

परंतु अद्भुताचा सर्वांत नेमका उपयोग क्योदेननें १७९० सालच्या पुस्तकांत केला. त्या काळीं शिंगाकु नांवाचा एक लोकप्रिय नीतिपंथ बाजारपेठांतून प्रवचनें करीत असे. क्योदेननें त्या प्रवचनांतील सु-आत्मा व कु-आत्मा प्रत्यक्ष रेखाटले: उघडीं अंगें, लंगोटी, आणि डोक्याच्या जागीं एक वाटोळें वर्तुळ; त्यांत कोणाच्या 'सु', कोणाच्या 'कु' अशा अर्थाचें अक्षर लिहिलेलें. नायक हा व्यापाऱ्याचा सुशील मुलगा. तो झोंपला असतां कु-आत्मे सु-आत्म्याला बांधून टाकतात व मुलाला योशिवाराकडे नेतात. पुढें एका चित्रांत तो घरीं जावें कीं राहावें या विचारांत पाऊल टाकीत आहे, आणि हीं चिमुकलीं माणसें त्याला दोन्ही बाजूंनीं ओढीत आहेत. मनाची ओढाताण हा शब्दप्रयोग आपण रोज करतों. क्योदेननें त्यांतील दोर ओढणारे दाखविले. तीं चिमुकलीं माणसें इतकीं लोकप्रिय झालीं कीं 'झेंदामा' व 'आकुदामा' हे शब्द जपानी भाषेंत कायमचे रुजले. आज जपानी माणूस रक्तांतील चांगल्या व वाईट कोलेस्टेरॉलला याच नांवांनीं ओळखतो.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. १७८० नंतरचीं वर्षें जपानला फार कठीण गेलीं. १७८२ पासून पिकें बुडालीं. १७८३ सालीं आसामा ज्वालामुखीचा स्फोट झाला. उत्तरेकडील प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. तानुमा ओकित्सुगु या प्रधानाच्या लांचखाऊ कारभाराविषयीं असंतोष वाढून १७८६ त तो पदच्युत झाला. १७८७ सालीं एडोंत तांदळाचीं दुकानें लुटलीं गेलीं. त्याच वर्षीं मात्सुदायरा सादानोबु हा तरुण सरदार मुख्य प्रधान झाला. काटकसर, विद्याभ्यास व शस्त्राभ्यास हा त्याचा कार्यक्रम. सामुराईंनीं 'बुन' व 'बु', म्हणजे लेखणी व तलवार, या दोन्ही मार्गांनीं चालावें असें त्यानें फर्माविलें.

चालू राजकारणावर व तोकुगावा घराण्यावर लिहिण्यास १७२२ पासून मनाई होती. त्यामुळें लेखकांनीं जुना उपाय योजला: कथा सहाशें वर्षें मागें न्यावयाची. १७८८ सालीं होसेइदो किसांजी या अकिता संस्थानच्या एडोंतील वरिष्ठ अधिकाऱ्यानें एक किब्योशी लिहिली. तींत बाराव्या शतकांतील पहिला कामाकुरा शोगुन आपल्या सरदाराला सामुराईंची निवड करावयास सांगतो: लेखणीचे किती व तलवारीचे किती. सरदार सर्वांना फुजी पर्वताच्या गुहेंत पाठवितो. बाहेर पडण्याचीं दारें तीन. लेखणीच्या दारानें थोडे येतात, तलवारीच्याहि थोडे. निसरड्या तिसऱ्या दारानें कोणत्याच कामाचे नसलेले ऐदी झुंडीनें बाहेर पडतात. धान्य चाळण्याच्या यंत्राचें नांव या पुस्तकाला दिलें आहे. आणि चित्रांतील त्या जुन्या सरदाराच्या वस्त्रावर सादानोबूच्या घराण्याचें आलुबुखाराच्या फुलाचें चिन्ह आहे. एडोंतील वाचकाला यापेक्षां अधिक सांगण्याची जरूर नव्हती.

पुढच्या वर्षीं, १७८९ सालीं, हारुमाचीनें त्याचा पुढचा भाग म्हणावा असें पुस्तक काढलें. नांव 'पोपटाची पुनरुक्ति' अशा अर्थाचें. सादानोबूनें स्वतः एक उपदेशपर ग्रंथ लिहिला होता, त्याचें नांव 'पोपटाचे बोल'. हारुमाचीच्या पुस्तकांत हजार वर्षांपूर्वींच्या सम्राटाच्या दरबारीं शस्त्राभ्यासाची आज्ञा सुटते आणि लोक ती अक्षरशः पाळूं लागतात. जुन्या वीरानें पुलावर तलवार गाजविली होती म्हणून हेहि पुलावर जाऊन वाटसरूंना छळतात. पुढें विद्येची आज्ञा सुटते. राज्यकारभार पतंग उडविण्यासारखा आहे असें प्रधानांचें वचन कानीं पडतें, आणि राज्यकारभार शिकण्यासाठीं मोठमोठीं माणसें पतंग उडवूं लागतात.

किसांजीला त्याच्या धन्यानें अशा लेखनापासून परावृत्त केलें. हारुमाचीला सादानोबूकडून बोलावणें आलें. आजाराचें कारण सांगून तो गेला नाहीं, आणि त्याच वर्षीं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. त्यानें स्वतःच प्राण दिला असा समज तेव्हांपासून आहे; तो सिद्ध झालेला नाहीं व खोटाहि ठरलेला नाहीं. १७९० सालीं ग्रंथप्रकाशनावर कडक नियम झाले. १७९१ सालीं क्योदेनला त्याच्या गणिकावस्तीविषयींच्या तीन गद्य पुस्तकांबद्दल पन्नास दिवस हातकड्या घालून ठेवलें, आणि त्याचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो, ज्यानें पुढें उतामारो व शाराकु यांचीं चित्रें जगापुढें आणलीं, त्याची अर्धी मालमत्ता जप्त झाली असें सांगतात.

सादानोबु हा कांहीं जुलमी दैत्य नव्हता. दुष्काळासाठीं धान्याचीं कोठारें भरणें, शहराच्या खर्चांत बचत करून गरिबांसाठीं निधि उभारणें, हीं त्याचीं कामें इतिहासानें मान्य केलीं आहेत. तारुण्यांत त्यानें स्वतः सरदारांची थट्टा करणारा एक विनोदी लेखहि लिहिला होता. तेव्हां हें हास्य त्याला समजत नव्हतें म्हणून त्यानें दडपलें असें म्हणतां येत नाहीं. पुरतें समजत होतें म्हणूनच दडपलें. उघड आरोप केला तर सरकार त्याचा इन्कार करूं शकतें. पण हजार वर्षांपूर्वींच्या पतंगाच्या गोष्टीला शिक्षा द्यावयाची म्हणजे ती आपली आहे हें आधीं कबूल करावें लागतें. अद्भुताचें हें बळ आहे, आणि लेखकाला तें नेहमीं तारतेंच असें नाहीं.

या वाङ्मयाची स्तुति करतांना त्याची एक मोठी उणीव झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. त्यांतील निम्म्या कथा योशिवाराच्या दारांतून जातात. तेथील मुली बहुधा गरीब आईबापांनीं कराराच्या पैशासाठीं विकलेल्या असत. नायकाची फजिती पाहून हसणारा लेखक त्या मुलीकडे वळून पाहत नाहीं. ती बहुतेक ठिकाणीं सजावटीचा भाग आहे. पृष्ठभाग भेदण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांना हा एक पृष्ठभाग भेदावासा वाटला नाहीं. क्योदेननें योशिवारांतील दोन स्त्रियांशीं एकीमागून एक विवाह केला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही उणीव अधिकच बोंचते.

१७९१ नंतर किब्योशी निघत राहिल्या, पण त्यांचा स्वभाव पालटला. आधीं नीतिबोध आला. १७९५ च्या सुमारास सूडकथांची लाट आली, आणि कथा लांबत गेल्या. पांच पानांचे भाग एकत्र बांधून जाड पुस्तकें काढण्याची पद्धति पडली, आणि १८०६ च्या सुमारास हा प्रकार संपला असें वाङ्मयेतिहासकार मानतात. सूडकथांना वाचक पुष्कळ मिळाले, किंबहुना पूर्वींपेक्षां अधिक मिळाले. परंतु सामुराई व दुकानदार ज्या पृष्ठावर एकत्र बसून एकाच खुणेला हसत, तें पृष्ठ नाहींसें झालें.

किब्योशीपासून आजची मांगा सरळ वंशपरंपरेनें उतरली, असा दावा मात्र करूं नये. 'मांगा' हा शब्द क्योदेननेंच १७९८ सालच्या एका चित्रसंग्रहाच्या प्रस्तावनेंत वापरला होता; पुढें १८१४ पासून होकुसाइच्या रेखाचित्रांच्या पंधरा खंडांमुळें तो सर्वतोमुखीं झाला. पण आजच्या चित्रकथेच्या चौकटींना दुसरें मूळहि आहे. १८६२ सालीं चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकारानें योकोहामा येथें 'जपान पंच' काढलें, १९०५ सालीं किताझावा राकुतेननें 'टोकियो पक' काढलें, आणि त्यांतून युरोप-अमेरिकेची व्यंगचित्रपद्धति जपानांत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर बालमांगा वाढली. ती वाचणारीं मुलें मोठीं झालीं, पण त्यांनीं वाचन सोडलें नाहीं. तेव्हां १९६७ सालीं 'मांगा ॲक्शन' व १९६८ सालीं 'बिग कॉमिक' अशीं प्रौढांचीं नियतकालिकें निघालीं.

रक्ताचें नातें नसलें तरी स्वभावाचें साम्य असूं शकतें. कुइ रिओको या लेखिका-चित्रकर्त्रीची 'दंजॉन मेशी' ही विनोदी अद्भुत मालिका २०१४ पासून २०२३ पर्यंत चालली व १४ खंडांत पुरी झाली. तळघरांच्या चक्रव्यूहांत ड्रॅगननें गिळलेल्या बहिणीला सोडवावयास निघालेला एक भाऊ व त्याचे सोबती, जवळ पैसे नाहींत म्हणून, वाटेंत मारलेले राक्षसच रांधून खातात. प्रत्येक राक्षसाची शरीररचना, कोणता भाग विषारी, तो कसा धुवावा, किती शिजवावा, हें सर्व पाकशास्त्राच्या काटेकोरपणानें सांगितलें आहे. प्रसंग हास्यकारक, पण त्यांतील भूक खरी, आणि बहिणीच्या मृत्यूची छायाहि खरी. खाणें म्हणजे दुसऱ्या जिवावर जगणें, ही गोष्ट हसतां हसतां वाचकाच्या ध्यानीं येते. राळ्याच्या वड्यांची वाट पाहणारा किंबेइ या मंडळींच्या पंगतीला सहज बसला असता.

प्रौढ वाचक या कथांकडे वळतो तो जग विसरावयासाठीं, असें म्हणणाऱ्यांनीं एडोंतील हा इतिहास पाहावा. जग विसरलेल्या माणसाला हारुमाचीचें एकहि पान समजलें नसतें. त्याचा वाचक आपलें जग पुरेपूर ओळखणारा होता. उघड बोलण्याची सोय नव्हती, तेव्हां शेंडीवरून, कुलचिन्हावरून, पतंगावरून तो तें ओळखून दाखवी, आणि शेजारीहि हसला कीं आपण एकटे नाहीं हें त्याला कळे. एवढ्यासाठींच मुलांच्या वेष्टनांतील एका तीस पृष्ठांच्या पुस्तकाची मुख्य प्रधानाला दखल घ्यावी लागली. हारुमाची कसा मेला हें आपल्याला बहुधा कधींच कळणार नाहीं. सादानोबूचें पतंगाविषयींचें वचन मात्र आज ज्या वाचकांना आठवतें त्यांतल्या बहुतेकांना तें हारुमाचीच्या पुस्तकामुळेंच ठाऊक झालेलें असतें.